घाणेरीची डहाळी सोडविणाऱ्या काकांना

पुणे, फाल्गुन

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव कोठेही छापू नये असे आपण बजावले असल्यामुळे ते येथे लिहीत नाही. वेताळ टेकडीवर पहाटे फिरायला येणारे निम्मे लोक आपल्याला नुसते ‘काका’ म्हणूनच ओळखतात, तेव्हा हे पत्र कोणासाठी आहे हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे या वर्षी आपल्याला टेकडी चढता आली नाही. समोरासमोर आभार मानू लागले की आपण विषय बदलता आणि दुर्बिणीची काच पुसू लागता. म्हणून तीन वर्षे सांगायचे राहून गेले ते आज सर्वांसमक्ष लिहीत आहे.

तो मार्चचा पहिला आठवडा होता. खाणीकडे जाणाऱ्या पायवाटेच्या कडेला, घाणेरीच्या झुडपात, मला जांभळ्या शिंजीराचे, म्हणजे फुलांतला मध पिणाऱ्या चिमुकल्या पक्ष्याचे, घरटे सापडले होते. कोळ्याच्या जाळ्यांनी बांधलेली, सालीचे कपटे आणि वाळक्या पानांचे तुकडे चिकटविलेली ती लोंबती पिशवी, तिच्या कुशीला दार आणि दारावर बोटाच्या पेराएवढा छज्जा. दोन पानेरी डहाळ्या मात्र नेमक्या दारापुढे येत होत्या. मी केसांचे रबर काढले, त्या डहाळ्या मागे ओढून बांधून टाकल्या आणि सहा फुटांवर कॅमेरा रोखून बसले. थोड्याच वेळात मादी चोचीत कोळी धरून समोरच्या गिरिपुष्पाच्या फांदीवर आली. ती या फांदीवरून त्या फांदीवर जाई, मान वळवून घरट्याकडे पाही, पुन्हा मागे सरे. इतक्या जवळून आणि इतका वेळ शिंजीर मला कधीच पाहायला मिळाला नव्हता. मी तिची बावीस छायाचित्रे काढली आणि आपण वाटेवरून येताना दिसताच धावत जाऊन दाखविली.

आपण ती सगळी शांतपणे पाहिली आणि एवढेच विचारले, “ही घास घेऊन किती वेळ बसली आहे?”

मी वेळ पाहिलीच नव्हती. आपण काठी बाजूला ठेवून झुडपाशी बसलात, रबर सोडविले, डहाळ्या होत्या तशा घरट्यापुढे आणल्या, रबर माझ्या हातात दिले आणि मला वाटेच्या पलीकडे चाळीस पावले मागे नेले. अकराव्या मिनिटाला मादी आत गेली. त्यानंतरच्या अर्ध्या तासात नर आणि मादी मिळून नऊ वेळा घास घेऊन आली. मागाहून आपण मला समजावून सांगितले की ती पाने म्हणजे पिल्लांची सावली होती, कारण पिसे न फुटलेल्या पिल्लांना मार्चमधले नऊ वाजताचे ऊनही सोसत नाही. शिवाय माणूस कोठे टक लावून बसला आहे हे कावळ्यांच्या लगेच लक्षात येते, आणि पिल्ले खाणारा भारद्वाज तर घाणेरीच्या बुडाशीच हिंडत असतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी आणि घरटी विस्कळीत करणेही येते, हे मी त्या दिवशी प्रथम ऐकले. मी बंदूक घेतलेल्या माणसालाच शिकारी समजत होते.

आपण मला रागावला नाहीत. पण ती बावीस छायाचित्रे मी घरी जाऊन पुन्हा पाहिली, तेव्हा ज्याला मी सुरेख बैठक समजत होते ते माझ्यामुळे अडून राहिलेल्या आईचे खोळंबणे होते, हे प्रत्येक चित्रात मला स्पष्ट दिसले. पुढचे आठ दिवस त्या वाटेने जायचे नाही, असे आपण सांगितले होते. नवव्या दिवशी घरटे रिकामे होते. पिल्ले उडाली की कोणी नेली हे ठरविण्यासारखी कोणतीच खूण तेथे नव्हती, आणि “उडाली असे लिहूया” असे मी म्हणाले तेव्हा आपण वहीत ‘निकाल अज्ञात’ असे लिहायला लावलेत.

पुढच्या हिवाळ्यात आपण मला एक झाड नेमून दिलेत. टेकडीच्या उतारावरची काटेसावर, दर रविवारी उजाडताना, जानेवारीपासून होळीपर्यंत. भिगवणचे रोहित (फ्लेमिंगो) खुणावू लागले तरी रविवार मोडायचा नाही. मला ही शिक्षा वाटली होती. पानगळ होऊन उघडे पडलेले झाड, त्यावरच्या काळपट कळ्या, मग एका रविवारी पहिली दोन लाल फुले, आणि तीन आठवड्यांत त्या एका झाडावर साळुंक्या, भांगपाडी मैना, बुलबुल, राघू, हळद्या, खारी आणि या सगळ्यांना हुसकावून लावणारा कोतवाल. भोरड्यांचा थवा उतरला की फुलांच्या जाड पाकळ्या टपटप खाली पडत. मध्य आशियाकडे परतण्यापूर्वी त्या आपल्या टेकडीवरचा हा मधुरस पिऊन जातात, हे आपण सांगितले तेव्हा ते झाड मला निराळेच दिसू लागले.

त्याच झाडावर आपण मला जांभळ्या शिंजीराचा नर टिपायला शिकविलेत. हिवाळ्यात तो मादीसारखा मळकट पिवळा असतो, गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद रेघ तेवढी वेगळी. जसजशी पिसे पालटत जातात तसतसे अंगावर काळे ठिपके उमटतात, आणि विणीचा हंगाम येईपर्यंत तो पुरता काळाभोर होतो. तो रंग प्रकाशाच्या कोनावर चमकतो, म्हणून सूर्य आपल्या पाठीशी असेपर्यंतच निळा-जांभळा दिसतो. पाठीमागे उजळ आकाश आले की पक्षी नुसता कोळसा होतो, अशा वेळी एक्स्पोजर थोडे वाढवावे, आणि फुलापुढे तो पंख फडफडवीत तरंगत असेल तर शटर १/२००० सेकंदापेक्षा हळू ठेवू नये, हे सगळे आपण कॅमेरा हातात न घेता शिकविलेत. आठ रविवारांची आठ छायाचित्रे मी ओळीने लावली आणि खाली लिहिले, ‘एकाच नराचे आठ आठवडे’. आपण पेन्सिलने खोडून लिहिलेत, ‘एकाच झाडावरील नर’. पायात ओळखीचे कडे नसलेला पक्षी तोच आहे, हे आपण कशावरून म्हणणार, असे आपण विचारलेत. त्या एका दुरुस्तीने मला जे शिकविले ते कोणत्याही कार्यशाळेत शिकायला मिळाले नसते.

पुण्याजवळच्या कवडीपाटचेही तसेच. मुळा-मुठेच्या पाण्यावर पांढरा फेस तरंगत होता आणि मी फेस टाळून चक्रवाकाची जोडी चौकटीत बसवू पाहत होते. “ती त्याच पाण्यात उतरली आहेत, फेस राहू दे,” असे आपण म्हणालात. लडाख-तिबेटकडे परतण्यापूर्वीची ती जोडी, फेसासकट, आता माझ्या भिंतीवर आहे.

गेल्या महिन्यात एका जुन्या झाडाच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी दिसली. ओळखीच्या दोघांनी जागा विचारली आणि मी सांगितली नाही. ते थोडे नाराज झाले आहेत. फेब्रुवारीतल्या चार दिवसांच्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ या पक्षिगणनेसाठी ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर याद्या भरल्या, पण ढोलीचा उल्लेख कोठेही केला नाही. हे बळ आपले आहे, काका, आणि त्याबद्दल मी मनापासून आपली ऋणी आहे.

आपण विचाराल म्हणून या रविवारची नोंद देते. काटेसावरीवर सव्वासात ते सव्वाआठ असा एक तास बसले. वरच्या फांद्यांवर आता थोडीच फुले उरली आहेत. भोरड्या साधारण चाळीस, हळद्या एक, शिंजीराचे नर दोन. त्यांपैकी एकाच्या पोटावर अजून पिवळे ठिगळ आहे. गणेर फुलला आहे. खाणीच्या वाटेवर, पूर्वीच्या झुडपापासून बरेच दूर, एक मादी चोचीत जाळ्याचा धागा घेऊन घाणेरीत शिरताना दिसली. मी थांबले नाही आणि छायाचित्रही काढले नाही. ज्या वहीत हे लिहिले तिला तेच केसांचे रबर गुंडाळलेले आहे. येत्या शनिवारी संध्याकाळी वही घेऊन घरी येते; पेन्सिल तयार ठेवावी.

आपली,
टेकडीवरची विद्यार्थिनी