प्रॉम्प्टरची प्रत

नागपूर,
नवतप्याचा सातवा दिवस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

आपल्याला नाटक शिकवणाऱ्या बाई गेल्याचे फोनवर सांगितले तेव्हा तू फक्त 'किती वाजता?' एवढेच विचारलेस, मी 'रात्री साडेअकराला' म्हणालो, आणि त्यापुढे दोघांनाही काही सुचले नाही. म्हणून हे पत्र लिहायला बसलो आहे. बंगळुरूहून वेळेत निघता आले नाही याची खंत करू नकोस. उन्हाच्या धास्तीने सगळ्यांनी मिळून सकाळी सातचीच वेळ ठरवली होती आणि नऊच्या आत आम्ही अंबाझरी घाटावरून परतलोही होतो. टपाल खात्यातील त्यांचे जुने सहकारी आले होते, गोकुळपेठेतल्या शेजारणी आल्या होत्या, आणि आपले नेपथ्य वाहून नेणारे मेटॅडोरवाले काका, ज्यांना आता नीट दिसतही नाही, ते नातवाच्या स्कूटरवर मागे बसून आले होते. बाई सेट उतरवून झाल्यावर सगळ्यांच्या आधी काकांच्या हातात चहाचा कप देत असत, हे तुला आठवत असेल. काका घाटावर कोणाशीही बोलले नाहीत. निघताना मला एवढेच म्हणाले, 'भाडं बाकी नाही हो त्यांचं काही.'

शोकसभा काल आपल्या जुन्या तालमीच्या शाळेतच झाली. भाषणे चांगली होती असे म्हणायला हवे, परंतु त्यांत बाई फारशा नव्हत्या. किती नाटके बसवली, किती पारितोषिके मिळाली, किती नट पुढे मुंबईला गेले, याची यादी तीन वक्त्यांनी आपापल्या परीने वाचली. एकाने त्यांना 'विदर्भाच्या रंगभूमीची माउली' म्हटले. बाईंनी त्या गृहस्थांना तिथल्या तिथे थांबवून पुन्हा विंगेत पाठवले असते आणि 'एन्ट्री परत घे' असे सांगितले असते. सर्वांत गमतीची गोष्ट म्हणजे माइक नीट ऐकू यावा म्हणून संयोजकांनी दोन्ही कूलर बंद करायला लावले. त्या सभागृहात, त्या बाईंच्या शोकसभेत, आणि तेही नवतप्याच्या या भाजून काढणाऱ्या नऊ दिवसांत! माझ्या शेजारी आपल्याच चमूतली जी बसली होती, तिने माझ्याकडे पाहिले, आणि आम्हा दोघांना त्या प्रसंगी हसू आवरेना.

कूलरची ती शिक्षा तू विसरला नसशील. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेलेला, वर पत्र्याचे छप्पर, आणि खिडकीतला तो लोखंडी कूलर इतका घरघरणारा की दोन हातांवरच्या माणसाचे ऐकू येऊ नये. आपण तो वाक्यापुरता तरी बंद करा म्हणून विनवीत असू आणि बाई शेवटच्या बाकावर पदराने वारा घेत ठामपणे नाही म्हणत. कूलरच्या वरताण आवाज काढायचा, पण ओरडायचे नाही. शब्दाचे शेवटचे अक्षर गिळायचे नाही. एवढेच त्यांचे वाचिक अभिनयाचे शास्त्र होते. जीपीओत, म्हणजे मोठ्या टपाल कचेरीत, २९ वर्षे पत्रांच्या ढिगाऱ्यात बसलेल्या त्या बाईला उपमाही तिथल्याच सुचत. प्रत्येक वाक्यावर शेवटच्या रांगेचा पत्ता असलाच पाहिजे, असे त्या म्हणत. वाक्य नुसतेच भिरकावले गेले, त्यामागे नटाने स्वतःचे काही खर्च केले नाही, की त्या मागून ओरडत, 'बैरंग आलं रे!' बैरंग, म्हणजे तिकीट न लावलेल्या, पत्राचा दंड घेणाऱ्याला भरावा लागतो, आणि नटाने न लावलेले तिकीट प्रेक्षकाने का म्हणून भरायचे, हा त्यांचा सवाल असे. आज पंचविशीतल्या मुलांना बैरंग म्हणजे काय हे आधी समजावून सांगावे लागते, पण मला तरी वाईट अभिनयासाठी याहून नेमका शब्द अजून मिळालेला नाही.

त्यांच्यात दोष नव्हते असे नाही, आणि ते कालच्या सभेत कोणी बोलले नाही म्हणून तुझ्यापाशी बोलतो. प्रकाशयोजनेतले त्यांना ओ की ठो कळत नसे. त्यांच्या प्रत्येक नाटकात पहाट, दुपार आणि मध्यरात्र या तिन्ही वेळा सारख्याच पिवळ्या असत. उशिरा येणाऱ्याला त्या आत घेत नसत, मग त्याची बस चुकलेली असो की आई आजारी असो. आणि भाषेच्या बाबतीत तर त्या अतिरेकच करीत. आपल्यापैकी कोणी पुस्तकी मराठीत बोलू लागला की 'हे कोण आलं बाप्पा सदाशिव पेठेतून?' असे विचारून सगळी तालीम थांबवीत. 'तुहा बाप घरी काय म्हणते? जेवतो आहे म्हणते, का जेवून राहिलो म्हणते? मंग तसंच म्हण.' वडिलांच्या आणि शेतकऱ्याच्या भूमिकांना ते शोभत असे. परंतु एका नाटकात त्यांनी जिल्हाधिकाऱ्यालाही 'करून राहिलो' म्हणायला लावले, आणि परीक्षकांनी त्यावर जो शेरा मारला तो त्यांनी हसत हसत आपल्याला वाचून दाखवला होता. बदलले मात्र काही नाही.

नोकरी सांभाळून नाटक करणाऱ्यांनी रडगाणे गायलेले त्यांना चालत नसे. डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहावरून जाताना त्या हमखास सांगत, की ज्यांच्या नावाचे हे सभागृह, त्यांनी वर्षानुवर्षे लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली, आणि १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' या नाटकातले खाँसाहेब उभे केले. आणि ते नाटक लिहिणारे दारव्हेकर मास्तर हे याच गावचे, आकाशवाणीत नोकरी करणारे. 'तुम्हाला कोणती मोठी फाइल अडवून राहिली?' हा त्या सांगण्याचा शेवट. सीताबर्डीचे जुने धनवटे रंगमंदिर पाडले गेले तेव्हा मात्र त्या काही दिवस गप्प होत्या, कारण तिथे त्यांनी पहिल्यांदा तोंडाला रंग लावला होता.

तुला वडशाची रात्र आठवते का? मला ती परवापासून सारखी आठवते आहे. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचे नाटक पाहिल्याशिवाय तुम्हाला प्रेक्षक म्हणजे काय ते कळणार नाही, असे म्हणून त्यांनी थंडीत आपल्याला एसटीने उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी करीत वडशाकडच्या त्या गावी नेले होते. दिवसभर बैलांच्या शर्यतींचा शंकरपट झालेला, रात्री मंडपात बायकापोरांसह सगळे गाव घोंगड्या पांघरून बसलेले, आणि नाटक उजाडेपर्यंत चाललेले. आपण सगळे रंगमंचाकडे पाहत होतो. बाईंनी तुझा खांदा धरून तुला रंगमंचाच्या पुढ्यात, वादकांच्या शेजारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत प्रत उघडून बसलेला, नटांना विसरलेले शब्द पुरवणारा प्रॉम्प्टर दाखवला. झाडीपट्टीतल्या नटाला रोज नवे गाव आणि अनेकदा नवे नाटक. त्याचा सगळा भरवसा त्या माणसावर. आपल्याकडे विंगेच्या काळोखात लपवून बसवतात तो माणूस तिथे उजेडात बसला होता. 'पाह्य, तुही जागा,' एवढेच त्या तुला म्हणाल्या. त्या दिवसापर्यंत तू भूमिका मिळत नाही म्हणून थोडा खट्टू होतास, आणि त्यानंतर तू भूमिका मागितली नाहीस.

तुझ्यासाठी त्यांनी एक नियम केला होता. नट थांबला की लगेच शब्द द्यायचा नाही, आधी मनात चार आकडे मोजायचे, कारण तो विसरला आहे की थांबला आहे हे पहिल्या दोन आकड्यांत कळत नाही. हा नियम आपल्या सगळ्यांना ठाऊक होता, आणि म्हणूनच स्पर्धेच्या प्रयोगात दुसऱ्या अंकात जे झाले त्याबद्दल मी तुला इतकी वर्षे मनातून पूर्ण माफ केले नव्हते.

अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधले ते बाप-लेकाचे नाटक. खाटेवर पडलेल्या बापाला मुलाने सांगायचे असते, 'बाबा, शेत मी विकलं.' फक्त चार शब्द, आणि ते चार शब्द माझ्या डोक्यातून साफ निघून गेले. मी विंगेकडे पाहिले. तू तिथे होतास, तुझ्या मांडीवर प्रत होती, तुझी नजर माझ्यावर होती, आणि तुझे ओठ मिटलेले होते. चार झाले, सात झाले, दहा झाले. खाटेवरच्या बापाने डोळे उघडून माझ्याकडे पाहिले, मी तांब्या उचलून पुन्हा ठेवला, सभागृहात कोणी खोकलेसुद्धा नाही, आणि मग कुठून तरी ते वाक्य आले, पण इतके फाटके आले की मला स्वतःलाच तो आवाज ओळखू आला नाही. पडदा पडल्यावर मी विंगेत तुझी कॉलर धरली आणि सगळ्यांसमोर तुला भैताड म्हटले. तू म्हणालास, 'माझं पान उलटलं गेलं होतं.' पुढे आठ महिने, थेट तुझ्या बहिणीच्या लग्नापर्यंत, मी तुझ्याशी बोललो नाही.

त्या प्रयोगाला मला अभिनयाचे प्रमाणपत्र मिळाले, आणि परीक्षकांनी दुसऱ्या अंकातल्या त्या विरामाचा खास उल्लेख केला. माझ्या वडिलांनी ते काचेत बसवून दिवाणखान्यात लावले. ते अजून तिथेच आहे. बाई संत्रा बर्फीचा डबा घेऊन घरी आल्या होत्या. प्रमाणपत्रासमोर उभ्या राहून म्हणाल्या, 'चांगला थांबलास.' मी ती शाबासकी समजलो.

काल सभा संपल्यावर बाईंच्या मुलीने मला घरी नेले. शेवटच्या दोन वर्षांत बाईंना ऐकू येणे जवळपास बंद झाले होते, तरी समोरच्या गल्लीतली पोरे तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन आली की बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, देण्याआधी त्यांच्याकडून दोन ओळी म्हणून घेत, आणि ओठांवरून शेवटचे अक्षर गिळले की नाही ते ओळखत, असे तिने सांगितले. २०१९ च्या फेब्रुवारीत ९९ वे नाट्यसंमेलन नागपुरात झाले, नाटककार प्रेमानंद गज्वी अध्यक्ष होते, तेव्हा सुरेश भट सभागृहातल्या त्या दोन हजार खुर्च्यांमधली अगदी शेवटची खुर्ची धरून बाई कशा बसल्या होत्या ते मी पाहिले होते. 'पत्ता लांबचा आहे,' असे म्हणाल्या होत्या. आता वाटते, त्यांना तेव्हाच कमी ऐकू येत असावे आणि आपल्यापैकी कोणाच्या ते लक्षात आले नाही.

कपाटात संहितांची चळत होती आणि मुलगी म्हणाली, तुम्हाला हवी ती न्या. मी अजनीच्या नाटकाची काढली, आणि ती नेमकी प्रॉम्प्टरची प्रत निघाली. निळे रेक्झिनचे पुठ्ठे, प्रत्येक छापील पानासमोर एक कोरे पान, पहिल्याच पानावर चहाच्या कपाचे वर्तुळ. एन्ट्र्या आणि संगीताच्या जागा तुझ्या लाल पेनाने, विराम बाईंच्या पेन्सिलीने. एक आकडा म्हणजे एक उभी रेघ. कुठे दोन रेघा, कुठे तीन. पान ५२ वर माझ्या त्या चार शब्दांसमोर एकही रेघ नाही. तिथे बाईंच्या बारीक अक्षरात लिहिले आहे: 'इथे शब्द देऊ नये. विसरला तरी.' आणि त्याखाली, खोडरबराने अर्धवट पुसलेले, पण उजेडात धरल्यावर वाचता येणारे: 'फार सफाईने म्हणतो. विसरला तर बरेच.' त्या शेजारी तुझ्या लाल पेनाची बरोबरची खूण आहे.

मी ते पान बराच वेळ धरून बसलो होतो. बाईंचा मला राग आला नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. भर स्पर्धेत, भरल्या सभागृहात, एका पोराला असे उघड्यावर सोडायचे हा कोणता न्याय? पण ते वाक्य मी तालमीत खरोखरच बैरंग म्हणत होतो, हेही तितकेच खरे, आणि त्या संध्याकाळी त्याचे तिकीट माझ्याकडून वसूल झाले. दंड मात्र तू भरलास. तुझे पान उलटले गेले नव्हते. कॉलर धरली तेव्हा ते पान दाखवून मला गप्प करणे तुझ्या हातातच होते, आणि तू ती प्रत मिटून बगलेत मारलीस. बाईंनीही तुझी चूक नव्हती हे मला कधी सांगितले नाही. तेवढे एक त्यांनी करायला हवे होते, असे मला आजही वाटते.

तेव्हा त्या 'भैताड'बद्दल आणि त्या आठ महिन्यांबद्दल मी तुझी मनापासून क्षमा मागतो. फोनवर हे मला जमले नसते.

प्रत उद्या तुझ्याकडे पाठवतो आहे. बाईंना कुरिअर आवडत नसे, म्हणून स्वतः जीपीओत जाऊन स्पीड पोस्टाने टाकीन. ती तुझीच आहे, परत पाठवू नकोस. फक्त पान ५२ उघडून बघ आणि ती लाल खूण तू प्रयोगाच्या आधी केली होतीस की नंतर, एवढे मला कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
तांब्या उचलून पुन्हा ठेवणारा