बयाणा दिला म्हणून पहिलं पिल्लू?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली, शाळांना सुट्ट्या लागल्या की जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, शहाद्याकडे मोबाइलच्या स्टेटसवर एकच मजकूर फिरतो: 'लॅब पिल्लं तयार, बुकिंग सुरू, आधी येईल त्याला आधी पसंती.' लॅब म्हणजे लॅब्राडोर जातीची कुत्री. पिल्लं तेव्हा १०-१२ दिवसांची असतात, डोळे नुकते किलकिले झालेले. फोटो पाहून कोणी 'तो गुबगुबीत पिवळा आमचा' म्हणतं, बयाणा पाठवतं आणि पुढच्या १०-१२ वर्षांचा सौदा तिथेच पक्का होतो. खान्देशात कुत्र्यांची पैदास करणारे आम्ही काही जण या पद्धतीबद्दल लिहीत आहोत. आमचं मत स्पष्ट आहे. रांगेतल्या नंबरावर पिल्लू उचलू देऊ नये. ज्याने ते वेत सात आठवडे रोज पाहिलं, त्या ब्रीडरने घर पाहून पिल्लू द्यावं. यात ब्रीडरची मनमानी होणार नाही का, असं कोणी विचारेल. थोडी होणारच. म्हणूनच ब्रीडर काय बघून ठरवतो, हे गिऱ्हाइकाला माहीत हवं.

आधी रांगेबद्दल. मादी क्रॉस झाल्यापासून ६३ दिवसांच्या आसपास व्याते. ५५ व्या दिवसानंतर एक्स-रे काढला की पोटातल्या कवट्या आणि मणके मोजता येतात. सात दिसली तर पाचच घरांना होकार द्यावा, कारण पहिल्या आठवड्यात एखादं दगावणं नवं नाही. नर किती आणि माद्या किती, हे मात्र एक्स-रे सांगत नाही. आपल्याकडे घोळ इथेच होतो, कारण जो तो नर मागतो. 'मादी म्हणजे दर सहा महिन्यांनी कटकट.' मादी साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते हे खरं, पण ऑपरेशन करून घेतलं की तो विषय संपतो. गल्लीतल्या माजावरच्या मादीचा वास लागला की कंपाउंड ओलांडून दोन-दोन दिवस गायब होणारा नर, ही कटकट कोणी धरतच नाही. नर का हवा, असं नीट बसून विचारलं की निम्मी घरं मादीला तयार होतात. बयाणा घ्यायचाच तर परतीचा घ्यावा, आणि पावतीवर 'या वेतातल्या एका पिल्लासाठी' एवढंच लिहावं.

घराला विचारायचे प्रश्न साधे असतात, पण उत्तरं फोनवर घेऊ नयेत. दुपारी एक वाजता घरात कोण असतं? जेवण कोण घालणार? मुलगा दहावीला असेल तर 'मी सगळं करीन' हे त्याचं वाक्य कानाआड करावं आणि आईकडे बघावं. ती गप्प बसली असेल तर ते घर अजून तयार नाही. घर भाड्याचं आहे का, मालकाची परवानगी आहे का? आखाजीला किंवा लग्नसराईत सगळे गावी गेले तर कुत्रं कुठे राहणार? घरात अंडं चालतं का, हा प्रश्न आपल्याकडे विचारावाच लागतो, कारण शाकाहारी घरं पुष्कळ. अंडं चालत असेल तर सोपं आहे. चालत नसेल तर दही-पनीर आणि तयार खाद्याचा महिन्याचा खर्च आधीच सांगावा. नाहीतर महिनाभराने पिल्लू नुसत्या दूध-भाकरीवर खंगलेलं दिसतं.

मळ्यावर पिल्लू मागणाऱ्यांना वेगळे प्रश्न. केळीच्या बागेत लॅबचं पिल्लू मोकळं सोडलं तर पहिल्या महिन्यात ठिबकच्या नळ्या चावून ठेवतं. पाणी फुटतं आणि सालदार वैतागून त्याला साखळीला बांधतो. फवारणीची भांडी, उंदरांसाठी ठेवलेलं औषध कुठे असतं, हे स्वतः जाऊन पाहावं. सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-चोपड्याकडे बिबट्याचा वावर असतो. तिथे रात्री उघड्यावर बांधलेलं पिल्लू म्हणजे त्याला दिलेलं आमंत्रण. दार असलेली खोली किंवा जाळीचं पक्कं खुराडं नसेल तर नाही म्हणावं.

आता पिल्लांकडे. जन्मल्याबरोबर प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा लोकरीचा धागा बांधतात. मान वाढते तशी दर दोन दिवसांनी गाठ सैल करायची, नाहीतर धागा रुततो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज ठरलेल्या वेळी वजन. आठ-दहा दिवसांत जन्माचं वजन दुप्पट व्हायला हवं. सलग दोन दिवस घटलं तर डॉक्टर. ही वही पुढे कामाला येते. सगळ्यात लहान पिल्लू भित्रंच असतं, हा समज ती वही वाचताना बऱ्याचदा खोटा ठरतो.

तिसऱ्या आठवड्यापासून स्वभावाच्या नोंदी सुरू होतात. बघायला आलेलं कुटुंब १५ मिनिटं बसतं, एक पिल्लू धावत येऊन मांडीवर चढतं आणि 'यानंच आम्हाला निवडलं' असं ठरून जातं. वास्तविक या वयाची पिल्लं दिवसातले १८-२० तास झोपतात. जे धावत आलं ते तेवढ्यात जागं झालेलं असतं, किंवा त्याला भूक लागलेली असते. जे कोपऱ्यात पडून होतं ते अर्ध्या तासापूर्वी सगळ्यांना लोळवून दमलेलं असतं. एका भेटीत हे कळत नाही. रोज पाहणाऱ्याला कळतं.

सहाव्या-सातव्या आठवड्यात काही साध्या गोष्टी करून बघायच्या. पिल्लाला एकट्याने, त्याने न पाहिलेल्या खोलीत न्यायचं. सकाळी, खाण्याआधी, मे महिन्यात आठच्या आत. दोन मीटरवर स्टीलचं ताट फरशीवर पाडायचं. दचकतात सगळीच. मोजायचं ते पुढचं: किती सेकंदांत सावरलं, आणि ताटाकडे वास घ्यायला गेलं की दाराकडे पळालं. ओलं पोतं आणि पत्रा अंथरून त्यावर पाय टाकतं का ते बघायचं. उताणं धरून अर्धा मिनिट हलक्या हाताने दाबून ठेवायचं: धडपडतं, चावतं, की थोडं धडपडून सैल पडतं? पुढच्या पंजाच्या बोटांमधली कातडी चिमटीत हळूहळू दाबायची आणि कुठे पाय ओढतं ते पाहायचं. कागदाचा बोळा फेकून तो घेऊन परत येतं का ते बघायचं. उलट्या वाटीखाली भाकरीचा तुकडा ठेवला तर किती वेळ झटतं आणि कधी माणसाकडे बघतं, यावरूनही पुष्कळ समजतं. अशा दहा कसोट्यांचा एक ठरलेला संच व्होलहार्ड दांपत्याच्या नावाने ओळखला जातो. तो ४९ व्या दिवशी घेतात, आणि घेणारा माणूस पिल्लांना अनोळखी असावा असा त्याचा नियम आहे. एक सावधगिरी हवी. सात आठवड्यांच्या एका चाचणीवरून मोठेपणीचा स्वभाव सांगता येत नाही. टोकाचं पिल्लू, म्हणजे फार दांडगं किंवा फार बुजरं, ओळखायला तिचा उपयोग. मधल्या पिल्लांचं पुढचं बरंचसं घरावर ठरतं.

मग जोड लागते. बोळा दहा वेळा आणून देणारं, न दमणारं पिल्लू भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या तरुणाच्या घरी छान रमतं. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तेच सोफा फाडतं. पंजाला हात लावताच पाय ओढणारं पिल्लू तीन-चार वर्षांचं मूल असलेल्या घरी कधीच देऊ नये. मूल शेपटी ओढणार, ते चावणार, आणि दोष कुत्र्याला. ताटाच्या आवाजातून सावरायला मिनिटभर लागणारं पिल्लू भुसावळला रुळालगतच्या वस्तीत किंवा डीजे वाजणाऱ्या चौकात नको. ते निवृत्त जोडप्याकडे, शांत कॉलनीत द्यावं. पहिल्यांदाच कुत्रं आणणाऱ्यांना वेतातलं मधलं पिल्लू द्यावं. बघायला आलेल्यांना ते आवडत नाही, कारण ते काहीच विशेष करत नाही. दुकान-गोदामवाल्यांना 'तिखट' पिल्लू हवं असतं. पण सात आठवड्यांचं दांडगं पिल्लू अननुभवी हातात गेलं की वर्षभरात साखळीला लागतं, आणि साखळीवरचं कुत्रं राखण करत नाही, नुसतं भुंकतं. राखणदारीची समज दीड-दोन वर्षांनी येते आणि त्यासाठी माणसाचा वेळ लागतो.

विसनखी (वीस नखांचं), काळा टाळू, कान धरून उचललं तर न ओरडणारं, या कसोट्या अजून चालतात. मागच्या पायाला जास्तीचं बोट असलं की नखं १८ ऐवजी २० होतात, बाकी काही नाही. कान धरून उचलणाऱ्या माणसाला मात्र पिल्लू देऊ नये. त्याच्यापुरती ती कसोटी खरी.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते घाईने. 'लहान नेलं की लळा लवकर लागतो' म्हणून ३०-३५ दिवसांची पिल्लं सर्रास विकली जातात. पाचवा ते आठवा आठवडा पिल्लू भावंडांत काढतं, आणि किती जोरात चावलं की समोरचा खेळ थांबवतो, हे तिथे शिकतं. ते न शिकलेलं पिल्लू तीन महिन्यांचं झालं की मुलांचे हात फोडतं. दुसरं म्हणजे आईकडून आलेली प्रतिकारशक्ती याच काळात ओसरत असते. प्रवास, नवं घर, म्हशीचं दूध आणि त्यात पार्व्हो, म्हणजे पिल्लांना उलट्या-जुलाबाने मारणारा विषाणूचा आजार. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला तीन ते सात दिवस जातात. म्हणून पिल्लू नेल्यावर आठवड्याने मरतं आणि 'तुमच्याकडूनच आजारी आलं', 'नाही, तुमच्याकडे लागलं' हे भांडण कधीच सुटत नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वानपैदास नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते, १८ महिन्यांच्या आतली मादी वापरता येत नाही आणि तिची आयुष्यात पाचाहून जास्त वेतं घेता येत नाहीत.

पार्व्हो बऱ्याचदा गिऱ्हाइकाच्या चपलेबरोबरच येतो. एका रविवारी चार ठिकाणची पिल्लं बघत फिरणारी कुटुंबं हे त्याचं वाहन. पहिली भेट पिल्लांशिवाय, नुसती बोलण्यासाठी ठेवावी. पिल्लं दाखवायची ती पहिली लस झाल्यावर. चपला फाटकाबाहेर, हात साबणाने धुऊन. फिनाइलने हा विषाणू मरत नाही. आधी फरशी धुऊन घ्यावी, मग घरगुती ब्लीच एका भागाला ३० भाग पाणी या प्रमाणात टाकून दहा मिनिटं ओलं राहू द्यावं.

जातीबद्दल थोडक्यात: हस्की आणि सेंट बर्नार्ड ४५ अंशांच्या जळगावात आणू नयेत. पग आणायचा तर त्याचं आखूड नाक उन्हाळ्यात धाप लागून जिवावर बेततं, हे विकणाऱ्याने स्वतःहून सांगावं. लॅब आणि जर्मन शेफर्डच्या आई-बापांच्या खुब्याचे एक्स-रे मागावेत. दाखवायला जो चिडतो, त्याच्याकडे ते नसतात.

पिल्लू सोपवताना लसीचं कार्ड, जंताच्या औषधाच्या तारखा (दुसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी), ओळखीसाठी कातडीखाली बसवलेल्या चिपचा नंबर, सध्याचं खाद्य पाच दिवस पुरेल इतकं आणि आईजवळचं एक फडकं बरोबर द्यावं. मे महिन्यात पहाटे पाचला निघावं, पिल्लाने तीन तास आधीपासून खाल्लेलं नसावं. घरी दिवसातून चार वेळा थोडं थोडं. म्हशीच्या दुधाने जुलाब होतात आणि लोक पार्व्होच्या भीतीने दवाखाना गाठतात. शेवभाजीचा रस्सा आणि भरीत दोन्ही वर्ज्य. तिखटापेक्षा त्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला घातक असतो. दिवाळीच्या आठवड्यात पिल्लू सोपवूच नये, कोणाचा वाढदिवस असला तरी.

तिसऱ्या आणि दहाव्या दिवशी, मग महिन्याने आणि सहा महिन्यांनी ब्रीडरने फोन करावा. पिल्लं परत यायची वेळ साधारण सात ते नऊ महिने, अंगाने मोठी आणि डोक्याने पोर असताना. परत घेण्याची अट कागदावर असली की ते कुत्रं हायवेच्या ढाब्यावर सोडलं जात नाही. जोड न लागलेलं पिल्लू १२ आठवड्यांपर्यंत ठेवावं लागलं तर ठेवावं. 'उरलेलं' म्हणून त्याला कोणी घेत नाही; पण त्याच्या दोन लसी झालेल्या असतात, रात्रभर झोपायची सवय लागलेली असते, आणि धावपळीच्या घराला खरं तर तेच सोयीचं पडतं.

आपल्या दैनिकाला एक विनंती. छोट्या जाहिरातींत पिल्लं विक्रीला असतात तेव्हा जात, रंग आणि मोबाइल नंबर एवढंच छापून येतं. वेताची जन्मतारीख आणि ब्रीडरचा नोंदणी क्रमांक दिल्याशिवाय अशी जाहिरात घेऊ नये, अशी सूचना आपण जाहिरात विभागाला द्यावी. दोन ओळींचं काम आहे, आणि ते आखाजीच्या आधी व्हावं.

आपले,
जळगाव-धुळे परिसरातील काही श्वानपैदासकार