कोबुर्गहून बाबांना

ती. बाबांस,
शि. सा. न.

घरमालकीणबाईंशी एवढं काय बोलत असतेस, असं तुम्ही फोनवर विचारलंत. परवा त्यांनी कपाटातून एक डबी काढली, तिच्याबद्दल लिहिते.

डबीत त्यांच्या पणजोबांचं चांदीचं पदक आहे. ते इथल्या ड्यूकच्या जंगलात वनरक्षक होते. कोबुर्ग म्हणजे जर्मनीतल्या पूर्वीच्या सॅक्स-कोबुर्ग-गोथा या छोट्या संस्थानाची एक राजधानी. व्हिक्टोरिया राणीचा नवरा अल्बर्ट याच घराण्यातला. राणीच्या बागेतल्या म्युझियममध्ये ज्याचा संगमरवरी पुतळा आपण पाहिला, तोच. इथल्या बाजारचौकातही त्याचा पुतळा आहे. १८६५ मध्ये त्याच्या अनावरणाला राणी स्वतः आली होती.

कोबुर्ग-गोथा, आल्टेनबुर्ग आणि माइनिंगन या तीन भाऊबंद संस्थानांनी १८३३ मध्ये एकत्र सन्मान सुरू केला, त्यातलंच हे पदक. क्रॉसच्या आकाराची मानचिन्हं सरदारांना, मोठ्या अधिकाऱ्यांना. चांदीचं पदक खालच्या पायरीवरच्या माणसांना. फीत लाल, कडांना हिरवे पट्टे. बाईंच्या पदकावर कार्ल एडुआर्ड या शेवटच्या ड्यूकचा चेहरा आहे. नाक झिजून सपाट झालंय, अक्षरांच्या खाचांत काळं बसलंय. हा ड्यूक पुढे हिटलरच्या पक्षात गेला. म्हणून बाई पदक डबीत पालथं ठेवतात, चेहरा खाली. मला ते फार पटलं. मान पणजोबांनी कमावलेला आहे, चेहऱ्याचं काय कौतुक?

बाबा, मला लागलं ते वेगळंच. ज्याला पदक मिळालं, त्याचं नाव पदकावर कुठेच नाही! ते फक्त सोबतच्या कागदावर. त्या कागदाच्या घड्या उसवल्या आहेत, तरी शाई वाचता येते. १९१८ मध्ये ड्यूकची गादी गेली. १९२० मध्ये कोबुर्ग लोकांच्या मतानुसार बव्हेरियात गेलं, गोथा थुरिंगियात; संस्थानच उरलं नाही. जुन्या बाजारात अशी पदकं सुटी मिळतात, ड्यूकचं नाव सांगतात, आणि कोणाच्या छातीवर होती ते कोणालाच ठाऊक नसतं. बाईंच्या घरी मात्र कागद टिकला, म्हणून पणजोबाही टिकले.

तेव्हापासून तुमचा एसटीतला विनाअपघात सेवेचा बिल्ला डोळ्यांसमोर येतोय. तो देवघराच्या खणात आहे, पण सोबतचं प्रशस्तिपत्र कुठे आहे? ट्रंकेत विमा-पावत्यांच्या खाली असेल. ते काढून दोन्ही एका पाकिटात ठेवा. लॅमिनेट करू नका, शाई खराब होईल. आणि मागे एका कोऱ्या कागदावर तुमच्या हातानं लिहा: कुठला डेपो, कुठली गाडी, घाटातली ती रात्रपाळी, सगळं. आधी फोटो काढून मला पाठवा, दादाला सांगा.

इथे थंडी सुरू झालीय, स्वेटर पुरतात. आईच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते कळवा.

तुमची,
लेक