सिगार साहेबाची? छे, कामगाराची!

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत पुण्या-मुंबईतल्या सिगार लाउंजवर आलेला लेख वाचला. लेख चुरचुरीत आहे, फोटो देखणे आहेत. चामड्याच्या खुर्च्या, मंद दिवे, शेजारी व्हिस्की आणि खाली ओळ 'यशस्वी माणसाचा निवांतपणा'. तक्रार आहे ती या ओळीबद्दल. सिगार म्हणजे साहेबी थाट, पैसेवाल्याची चैन, हे लेखात पहिल्यापासून शेवटपर्यंत धरूनच चाललंय. ती वळणाऱ्या हाताबद्दल अवाक्षर नाही. मी बरीच वर्षं फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात राहते. या शहराला 'सिगार सिटी' म्हणतात आणि इथे ही चैन मुळात कामगारांची होती. म्हणून हे पत्र. लांबलं तर खुशाल कात्री लावा, फक्त बिडीवाल्या बायकांचा मजकूर तेवढा ठेवा.

आधी एक सांगून टाकते. मी बाई आहे, साठी उलटलेली आहे आणि सिगार ओढते. रोज नाही, महिन्यातून एखादी, तीही मंडळी जमली तर. जन्मभर फार्मसिस्ट म्हणून काम केलं, त्यामुळे तंबाखू काय करते हे मला कुणी शिकवायला नको. धूर छातीत न घेता तोंडातच फिरवून सोडला तरी निकोटिन आत जातंच, आणि तोंडाच्या, घशाच्या कर्करोगाचा धोका सिगारलाही आहेच. ज्यांनी कधी ओढली नाही त्यांनी माझं पत्र वाचून सुरुवात करू नये. झालं, आता मुद्द्यावर येते.

आमचा कंपू लहान आहे. एक माझी शेजारीण, तिचे आजोबा क्यूबातून आले आणि वेस्ट टॅम्पातल्या कारखान्यात सिगार वळत. एक निवृत्त अग्निशामक जवान, मूळ घराणं सिसिलीचं. शिवाय सांगलीचे एक दादा आणि वहिनी. शनिवारी ईबोर सिटीत, म्हणजे टॅम्पातल्या जुन्या सिगार कामगारांच्या वस्तीत, सातव्या रस्त्यावर भेटायचं. इथे हॉटेलात आत बसून ओढायला बंदी आहे, त्यामुळे जेवण एका ठिकाणी आणि सिगार दुसऱ्या ठिकाणी, दुकानाबाहेरच्या बाकावर. पायात कोंबडे फिरत असतात. ईबोरमध्ये ते मोकाट आहेत आणि त्यांना कुणी हात लावायचा नाही असा शहराचा दंडक आहे. वहिनींना हे अजून पटलेलं नाही.

जेवण म्हणजे बहुतेक वेळा क्यूबन सँडविच. लांबट पाव, त्यात हॅम, आंबट-लसणी मसाल्यात मुरवून भाजलेलं डुकराचं मांस, स्विस चीज, काकडीचं लोणचं, मोहरीची चटणी आणि जिनोआ सलामी. मग तव्याखाली दाबून कडक करायचं. सलामीवरून इथे भांडणं होतात, कारण मायामीचे लोक ती घालत नाहीत. टॅम्पात इटालियन कामगार क्यूबन आणि स्पॅनिश कामगारांच्या शेजारी राहिले, म्हणून ती इथल्या सँडविचमध्ये आली. आमचा सिसिलीवाला म्हणतो, "माझ्या आजोबांची सलामी काढलीत तर ते मायामीत नेऊन खा." २०१२ साली टॅम्पाच्या नगर परिषदेने या सँडविचला शहराचं अधिकृत सँडविच म्हणून ठराव करून मान्यता दिली. आपल्याकडे मिसळीवरून पुणे, नाशिक आणि कोल्हापूर भांडतात, पण अजून कुठल्या महापालिकेने ठराव केल्याचं ऐकलं नाही.

पावाचंही सांगायला हवं. ला सेगुंदा नावाची बेकरी १९१५ पासून इथे आहे. सुमारे तीन फूट लांबीचा पाव, आणि भट्टीत जाण्याआधी त्यावर ताडाच्या जातीच्या झाडाच्या पात्याची ओली पट्टी ठेवतात. भाजताना त्या रेषेवर पाव उकलतो. सुरीने चीर द्यायची गरज नाही. घरी आणलेल्या पावावर ती करपलेली पट्टी तशीच चिकटलेली असते, ती काढून टाकायची. या पावात परंपरेने डुकराची चरबी पडते. वहिनी मांसाहार करत नाहीत. त्यांनी एकदा बेकरीतल्या बाईलाच गाठून विचारलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताई, तुम्हाला माहीत होतं ना?" मी म्हटलं, "तुम्ही विचारलं कुठे?" तेव्हापासून त्या काळा घेवडा, पिवळा भात आणि पिकल्या केळ्याचे तळलेले काप यांवर असतात, आणि सिगारच्या वेळी वाऱ्याची दिशा बघून बसतात.

कॉफी मात्र शेजारणीच्या घरची. छोट्या मोका पॉटमध्ये, म्हणजे खालच्या पाण्याची कॉफी होऊन वरच्या कप्प्यात चढते अशा किटलीत, कॉफी उकळून वर यायला लागली की पहिले चार-पाच काळेकुट्ट थेंब ती एका भांड्यातल्या साखरेवर घेते आणि चमच्याने फेटायला लागते. पहिल्यांदा नुसता चिखल. मग हात न थांबवता फेटत राहिलं की रंग उतरतो, तपकिरीचा बदामी होतो आणि चमचा उचलला की धार तुटत नाही. मग उरलेली कॉफी त्यावर ओतायची, फेस आपोआप वर येतो. सोलापुरात पाहुणे आले की आई इन्स्टंट कॉफी आणि साखर फेटायला आम्हा बहिणींना बसवायची, अगदी तसंच. दुधाशिवाय, बोटभर कपात. गोड इतकी की दादा मधुमेहाची गोळी खिशात घेऊनच येतात. या कॉफीवर सिगार लागते तशी व्हिस्कीवर लागत नाही, हे माझं मत. लाउंजवाल्यांनी रागावू नये.

आता हे सगळं आलं कुठून? विन्सेन्ते मार्तिनेस ईबोर या स्पॅनिश कारखानदाराने १८८५ साली टॅम्पाजवळ ४० एकर जमीन घेतली आणि आपला सिगारचा धंदा इथे आणला. पुढच्याच वर्षी इथली पहिली सिगार बाजारात गेली. क्यूबा, स्पेन आणि सिसिलीतून कामगार आले, त्यांच्यासाठी लाकडी घरं बांधली गेली, आणि १९२९ च्या सुमारास हे गाव वर्षाला सुमारे ५० कोटी सिगार करत होतं. आज पर्यटक ज्या कोलंबिया रेस्टॉरंटबाहेर रांगा लावतात, ते १९०५ साली कोपऱ्यावरचा साधा गुत्ता म्हणून सुरू झालं, आणि गिऱ्हाईक कोण, तर कारखान्यातून सुटलेले सिगार कामगार. कॉफी आणि सँडविचसाठी यायचे. कामगारांनी आपापल्या समाजाची मंडळं काढली होती. थोडी वर्गणी भरली की डॉक्टर, दवाखाना आणि संध्याकाळी डॉमिनो खेळायला हॉल, सगळं त्यात.

मला सर्वांत जास्त आवडते ती कारखान्यातली एक रीत. विटांच्या त्या तिमजली इमारती अजून उभ्या आहेत. पूर्व-पश्चिम लांबच लांब आणि दोन्ही बाजूंना खिडक्याच खिडक्या, कारण पानाचा रंग पारखायला दिवसाचाच उजेड लागतो. आत शेकडो माणसं ओळीने बसून सिगार वळायची आणि मध्ये उंच मंचावर एक जण बसून वाचायचा. त्याला लेक्तोर म्हणत. सकाळी वर्तमानपत्रं, दुपारी कादंबरी. त्याचा पगार मालक देत नसे. कामगार दर आठवड्याला मजुरीतून वर्गणी काढत, आवाजाची परीक्षा घेऊन त्याला तेच निवडत, आणि पुढची कादंबरी कोणती हे मतं घेऊन ठरवत. कॉफीवाला बाकांमधून फिरून कप भरत जाई. काम करता करता स्वतःच्या हातची सिगार ओढायची मुभा असे, घरी न्यायलाही दोन-तीन मिळत. म्हणजे बघा, सिगार, कॉफी आणि कुणीतरी खणखणीत आवाजात वाचून दाखवलेलं वर्तमानपत्र. आपल्या लाउंजमध्ये यातलं तिसरं मिळतं का?

लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही त्या कारखान्यात जगाच्या बातम्या ठाऊक असत. क्यूबाच्या स्वातंत्र्यलढ्याचा नेता होसे मार्ती १८९१ च्या नोव्हेंबरात टॅम्पात आला आणि भाषणं केली, तेव्हा क्यूबाच्या स्वातंत्र्यासाठी याच लोकांनी मजुरीतला वाटा काढून दिला. मालकांना हे वाचन खुपायचंच. हा मंचावरचा माणूस लोकांच्या डोक्यात भलतंसलतं भरवतो, अशी त्यांची तक्रार. १९३१ साली त्यांनी लेक्तोरांना काढून टाकलं. कामगारांनी संप केला, उपयोग झाला नाही. नंतर त्या जागी रेडिओ आले.

रेडिओ म्हटला की मी सोलापुरात जाते. आमचं घर पूर्व भागात, आजूबाजूला पद्मशाली कुटुंबं. पुरुष मागावर, बायका घरी बिडीवर. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ केलेली तेंदूची पानं. पत्र्याचा चौकोनी तुकडा पानावर ठेवून कात्रीने कापायचं, शिरेची बाजू बघून चिमूटभर तंबाखू पसरायची, बोटांनी वळायचं, सूत बांधायचं, तोंड नखाने आत दुमडायचं. बोलत बोलत, पोराला दटावत, न बघता. मजुरी हजारावर. पण कारखान्यात नेऊन दिल्यावर तपासणारा माणूस मूठ मूठ छाट काढायचा, त्याचे पैसे नाहीत. पान खराब निघालं तर तेही बाईच्याच माथी. आमच्या शेजारच्या काकूंची उजव्या अंगठ्याची कातडी इतकी कडक झाली होती की गरम तव्यावरची भाकरी त्या त्याच अंगठ्याने फिरवायच्या. खोलीत ट्रान्झिस्टर चालू असायचा. तो आपलं बोलायचा, बायका आपलं बोलायच्या. काय ऐकायचं हे त्यांना कुणी कधी विचारलं नाही.

ईबोरच्या दुकानात खिडकीशी एक म्हातारे क्यूबन कारागीर बसतात. आतली पानं मुठीत जुळवतात, वरून बांधणीचं पान गुंडाळतात, साच्यात दाबून ठेवतात. शेवटी वरचं, सर्वांत नितळ पान चंद्रकोरीसारख्या पात्याने कापून तिरकं ताणत वळतात आणि टोकाला त्याच पानाची छोटी टोपी डिंकाने चिकटवतात. तो शेवटचा अंगठ्याचा दाब मला काकूंच्या हातचा वाटतो. फरक इतकाच, की या कारागिरांना बघायला लोक थांबतात, फोटो काढतात, नाव विचारतात. काकूंच्या बिडीच्या बंडलावर भलत्याच कुणाचा फोटो असायचा.

आणि तंबाखू ही साहेबाने दिलेली देणगी, हेही लेखातलं विधान खरं नाही. ती पोर्तुगिजांमार्फत दख्खनेत आधीच आलेली होती. अकबराचा वकील असद बेग विजापुरातून तंबाखू आणि रत्नजडित चिलीम घेऊन आग्र्याला गेला, ते सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने बंदी घातली, तिचं काय झालं ते आपण बघतोच आहोत. विजापूर आमच्या सोलापूरपासून शंभरेक किलोमीटर. चिरूट म्हणाल, तर तामिळनाडूत तिरुचिरापल्लीला आणि दिंडिगुलला ते वळले जात आणि इंग्रज ते विकत घेऊन ओढत.

माझी विनंती एवढीच. पुढच्या पुरवणीत लाउंजला दिलीत तेवढीच जागा सोलापूरच्या बिडी कामगार बायकांना द्या. कुंभारीजवळ त्यांच्यासाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. तिथे आज काय स्थिती आहे, बिडीचा खप उतरल्यावर त्या बायका काय करतात, मुली काय शिकल्या, हे वाचायला मला आवडेल. प्रतिनिधी पाठवाल तर दुपारी पाठवा, सकाळी पाण्याची आणि स्वयंपाकाची घाई असते. आणि त्याला एक काम सांगा. त्या दिवशीचा अंक सोबत न्यायचा आणि बायका बिड्या वळत असताना अर्धा तास मोठ्याने वाचून दाखवायचा. कोणतं पान वाचायचं ते त्यांना विचारून.

ता. क. लेखातल्या मोठ्या फोटोत एक गृहस्थ सिगारचं टोक कॉफीत बुडवताना दिसतात. कृपा करून वाचकांना सांगा, असं करायचं नसतं. वरचं पान पाण्याने फुगतं आणि उकलतं, मग पाच मिनिटांत सगळी सिगार सुटून हातात येते. कॉफी प्यायची, सिगार ओढायची. दोन्हीचा संबंध तोंडातच येऊ द्यावा.

आपली,
एक वाचक, मूळची सोलापूरची
टॅम्पा, फ्लोरिडा