वाटणी

वाई,
दि. २४ नोव्हेंबर

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू जे सुचवलेस त्यावर मी नुसते 'बघू' म्हणालो आणि फोन आईकडे दिला. बाबांना राग आला असे तुला वाटले असेल, पण तसे मुळीच नाही. फोनवर समोरच्याचे शेवटचे शब्द मला नीट उमगत नाहीत आणि अर्धवट ऐकून घाईने दिलेले उत्तर भलतेच जाते, म्हणून कागद पुढे ओढून बसलो आहे. आईने फेब्रुवारीपासून पुण्याला तुझ्याकडे राहावे, म्हणजे नातीच्या दहावीच्या परीक्षेत तिला सोबत होईल आणि आईच्या हातांना विश्रांती मिळेल. मी नाशिकला दादाकडे जावे आणि तिथे गुडघ्याचे ऑपरेशन उरकून घ्यावे, असा तुम्हा भावंडांचा बेत आहे. त्यातली तुमची माया मला कळते. पण हो म्हणण्यापूर्वी या घरातले काम सध्या कसे चालते हे तुला ठाऊक असायला हवे. दिवाळीच्या चार दिवसांत तू आम्हाला कशालाच हात लावू दिला नाहीस, त्यामुळे आमची रोजची रीत तुझ्या नजरेस पडलीच नाही.

मला आता चौऱ्याहत्तरावे चालू आहे आणि आईला एकोणसत्तरावे. गेल्या दोन-तीन वर्षांत आम्ही घरातल्या कामांची वाटणी नव्याने केली आहे. बायकांची कामे आणि पुरुषांची कामे असे जे काही आमच्या लग्नापासून चालत आले होते ते आपोआप गळून पडले, आणि ज्याचा जो सांधा धड आहे त्याच्याकडे ते काम गेले. माझा उजवा गुडघा झिजला आहे, तर आईचे दोन्ही गुडघे अजून उत्तम आहेत. उलट तिच्या दोन्ही हातांच्या अंगठ्यांची मुळे दुखतात आणि माझे हात मात्र शाबूत आहेत. मोतीबिंदू काढल्यापासून मला लांबचे लख्ख दिसते आणि चष्मा लावला की औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरेही वाचता येतात. तिचा मोतीबिंदू अजून पिकायचा आहे. तिचे कान तीक्ष्ण, माझे मंद. माणसांची नावे तिच्या लक्षात राहतात, आणि सकाळची गोळी घेतली की नाही हे तिला आठवत नाही, म्हणून कालनिर्णयावर रोज खूण करण्याचे काम माझे.

यात सर्वांत मोठी गोष्ट भाकरीची आहे आणि ती मी तुला सविस्तर सांगणार आहे. मागच्या पावसाळ्यात एकदा आई पीठ मळता मळता थांबली आणि परातीवरून हात उचलून नुसती बसून राहिली. मी विचारले तेव्हा म्हणाली, 'अंगठा निखळतोय असे वाटते.' अस्थिरोगतज्ज्ञांनी क्ष-किरण चित्र पाहून सांगितले की अंगठ्याच्या मुळाशी जो लहानसा सांधा असतो त्याच्यातली कूर्चा, म्हणजे हाडांमधली मऊ गादी, झिजली आहे, आणि पाळी गेल्यानंतरच्या वयात बायकांना हा त्रास पुष्कळ होतो. चिमटीत आपण जेवढा जोर लावतो त्याच्या कितीतरी पट भार त्या एवढ्याशा सांध्यावर येतो. बरणीचे झाकण उघडणे, कपडे पिळणे, किल्ली फिरवणे, पीठ रगडणे हीच तर तिची पन्नास वर्षांची कामे. तिला त्या दिवशी भाकरीशिवाय जेवावे लागले आणि मला भातच वाढावा लागला याचे तिला वाईट वाटले. मला वाईट वाटले ते याचे की हे दुखणे बरेच महिने चालू असणार आणि मी रोज समोर बसून आयती भाकरी मोडत होतो.

दुसऱ्या दिवशी परात मी माझ्यापुढे घेतली. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून त्याला आधणाचे पाणी लागते आणि तळहाताच्या टाचेने ते दाबून दाबून रगडावे लागते, हे मला या वयात शिकावे लागले. पहिले आठ दिवस भाकऱ्या काठाला फुटत होत्या. आईने पीठ चिमटीत धरून पाहिले आणि दोष दोघांचा आहे असे सांगितले: दळण जुने झाल्याने पिठाची विरी गेली होती आणि मी पाणीही कोमट होऊ देत होतो. आता दर आठ दिवसांनी ताजे दळण आणतो. मी गोळा लुसलुशीत होईपर्यंत मळतो आणि तिच्याकडे सरकवतो. थापण्याचे काम उघड्या तळव्याचे असल्यामुळे त्यात तिचा अंगठा दुखत नाही. तिचा हात काठवटीवर पडायला लागला की भाकरी आपोआप फिरत मोठी होते, ते मी रोज पाहतो आणि अजून मला जमत नाही. भाकरी तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला की चर्र आवाज होतो, तो मला ऐकू येत नाही, पण वाफ दिसते. म्हणजे आमच्या घरातली एक भाकरी चार हातांची आहे. त्यातले दोन हात पुण्याला आणि दोन नाशिकला गेले तर दोन्हीकडे पोळीभाजी मिळेल, याची मला शंका नाही, पण हे जे आम्ही जमवले आहे ते कुठेच राहणार नाही.

माझ्या गुडघ्याचेही नीट सांगतो, कारण तुला दिवाळीत जिन्यावर जे दिसले त्याने तू घाबरलीस. जिना चढताना मला फारसे दुखत नाही, उतरताना दुखते. उतरताना शरीराचा सगळा भार वाकलेल्या गुडघ्यावर तोलून धरावा लागतो. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून तिला पोषण मिळते, आणि सांधा हलला, दाबला गेला, सुटला, तरच तो द्रव आत-बाहेर खेळतो. म्हणून डॉक्टरांनी मला बसवून ठेवू नका असे आईला बजावले आहे. सकाळी खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, दहापर्यंत मोजायचे आणि खाली सोडायचा, असे मी दोन्ही पायांचे प्रत्येकी वीस वेळा करतो. त्यानंतर गणपती घाटापर्यंत जाऊन ढोल्या गणपतीचे दर्शन घेऊन परत येतो. पहिली शंभर पावले नको वाटतात, पुढे गुडघा सुटतो. माडीवरून काही आणायचे असेल तर मात्र आईच जाते.

माझ्या कानांचे तुला हसू येईल आणि ते यावे म्हणूनच सांगतो. वयोमानाने कानाला आधी बारीक, उंच स्वर जातात. त्यामुळे माणसाचा आवाज ऐकू येतो, पण स, श, त, फ अशी अक्षरे गळून पडतात आणि शब्द ओळखू येत नाही. मागच्या आठवड्यात आई अंघोळीला जाता जाता मोठ्याने म्हणाली, 'अहो, साय वर ठेवा.' तिला दुधावरची साय फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात ठेवायला हवी होती. मला ऐकू आले, 'अहो, पाय वर ठेवा.' आदल्या दिवशी बाजारातून आल्यावर माझा घोटा सुजला होता, म्हणून ही काळजीने सांगते आहे असे समजून मी पाय स्टुलावर टेकवून चांगली वीस मिनिटे स्वस्थ पडून राहिलो. ती बाहेर आली तेव्हा मांजर साय संपवून मिश्या पुसत होते. तिने आधी मांजराकडे, मग माझ्या पायांकडे पाहिले, आणि सगळा उलगडा झाल्यावर आम्ही दोघे इतके हसलो की तिला पदराने डोळे पुसावे लागले. सूजही त्या दिवशी उतरली होती. आता ती आधी माझ्यासमोर येते आणि मग बोलते, कारण ओठ दिसले की मला निम्मे कळते. साताऱ्याला जाऊन कानाची तपासणी करून आलो असून यंत्र जानेवारीत मिळेल. दोघांचेही एसटीला अर्धे तिकीट लागते, मला वयाचे आणि तिला बायकांच्या सवलतीचे. पंचाहत्तर पूर्ण झाली की माझे तेही लागणार नाही.

हयातीच्या दाखल्याचेही परवा उरकले. निवृत्तिवेतनासाठी दर नोव्हेंबरात तो द्यावा लागतो हे तुला माहीत आहे. मी अंगठा यंत्रावर ठेवला, पुसून ठेवला, ओलसर करून ठेवला, मग एकेक करून सगळी बोटे ठेवली. एकाही बोटाचा ठसा उमटला नाही. म्हातारपणी कातडी कोरडी आणि पातळ होते, बोटांवरच्या रेषा झिजतात, आणि माझ्या बोटांनी तर अनेक वर्षे खडू धरला. तिथल्या माणसाने 'पुन्हा या' म्हणून सांगितले, ते मला लागले, कारण बाकावर माझ्यामागे माझ्याहून वयस्कर चार जण बसले होते आणि त्यांनाही हेच ऐकावे लागणार होते. तेवढ्यात आई पुढे झाली आणि म्हणाली, 'रोज पहाटे उठून चहा मागतात, हयात नसतील कसे?' सगळे हसले. मग तिथल्याच एका मुलाने मोबाईलवर चेहऱ्याने नोंद करून दिली. ती सोय २०२१ पासून आहे, म्हणून तुझ्या सासऱ्यांनाही आवर्जून सांग. मला डोळ्यांची उघडझाप करायला सांगितले आणि काम झाले. यंत्राने नाकारलेल्या त्याच अंगठ्याने संध्याकाळी मी दोन भाकऱ्यांचे पीठ मळले.

आता रात्रीचे, जे मी तुला आजवर सांगितले नव्हते. श्रावणात एकदा दोनच्या सुमारास लघवीला उठलो, झोपेतून तडक उभा राहिलो आणि डोळ्यांपुढे अंधार आला. आडवा असलेला माणूस एकदम उभा राहिला की रक्तदाब उतरतो आणि या वयात शरीराला तो सावरायला वेळ लागतो. मी भिंतीला धरून खाली बसलो, त्यामुळे लागले काही नाही, पण हाक मारण्याइतकाही आवाज माझ्या घशातून फुटला नाही. आई जागी झाली ती माझी पावले मध्येच थांबली म्हणून. रोज पलंगापासून न्हाणीपर्यंत नऊ पावले होतात, त्या दिवशी तिला चारच ऐकू आली. आता मी पलंगाच्या काठावर बसून तीस आकडे मोजतो आणि मगच उठतो, आणि ती झोपेतही नऊ मोजते असे म्हणते. दादाच्या घरी मला वेगळी खोली मिळेल, तिला दार असेल, दादा दिवसभर दमून गाढ झोपलेला असेल. त्याचा यात काडीचाही दोष नाही. पण माझी पावले कोण मोजणार, एवढाच माझा प्रश्न आहे.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. मदत आम्हाला हवी आहे आणि ती घ्यायला मला कमीपणा वाटत नाही. जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवून घेतो, न्हाणीत धरायला स्टीलचा दांडा लावतो, कमोड तर तू बसवून दिलासच, आणि त्याचे उपकार माझा गुडघा रोज मानतो. केर, लादी आणि भांड्यांना बाई ठेवायला आईने काल होकार दिला. स्वयंपाकाची बाई नको. पीठ आणि तवा आमच्याकडेच राहू दे. ऑपरेशनलाही माझा नकार नाही. डॉक्टर म्हणतील तेव्हा ते पुण्यात करू, तिथे आई माझ्याजवळ राहील, आणि टाके सुकून पाय चालता होईपर्यंत आम्ही दोघे तुझ्याकडे राहू. नातीच्या परीक्षेलाही दोघे येऊ. आई तिला पहाटे उठवेल आणि भूमितीची प्रमेये मी घेईन. दादाकडे मे महिन्यात दोघे जाऊ. तुमच्या घरात एकाला ठेवणे सोपे आणि दोघांना ठेवणे अडचणीचे आहे हे मला दिसते, जागा किती आहे ते मी पाहिले आहे. आम्हाला हॉलमध्ये गादी घातलीस तरी चालेल. शेताची वाटणी झाली तेव्हा मी काकांशी एका शब्दाने भांडलो नाही, पण या वाटणीला माझी संमती नाही.

हे पत्र आईला वाचून दाखवले. मांजराचे लिहायला नको होते असे तिचे मत पडले, आणि मग पुन्हा तेवढेच वाचायला लावले. पुण्याहून येताना तिच्यासाठी अंगठ्याला आधार देणारे पट्टे आण, दोन्ही हातांचे, लहान मापाचे. इथे मिळाला तो तिच्या मनगटावरून घसरतो. जावईबापूंना नमस्कार, नातीला गोड पापा.

आईने तवा ठेवला आहे आणि आधणाला उकळी आली आहे. पाणी निवले तर भाकरीला चिरा पडतील, म्हणून इथेच थांबतो.

तुझा,
बाबा