जोड्यावर कारागिराचं नाव येऊ द्या

मा. सामाजिक न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी शहादा तालुक्यातला. माझे वडील हाताने जोडे शिवायचे. लग्नसराईत नवरदेवांचे जोडे, सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतल्या घोडेबाजाराआधी घोड्यांचे लगाम आणि खोगिराचे पट्टे. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर गिऱ्हाइकाचा पाय ठेवून ते पेन्सिल फिरवायचे आणि कडेला लिहायचे, 'करंगळीला गाठ', 'टाच अरुंद'. माझ्या चुलतभावाला सांगायचे, "डावा पाय मोठा शे, त्यानं माप येगळं ले." ते कागद आजही आमच्या पेटीत आहेत. त्यातली बरीच माणसं आता हयात नाहीत.

लंडनला जॉन लॉबच्या जोड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या पायाचा लाकडी कलबूत, म्हणजे पायाच्या आकाराचा साचा, घडवून असाच जपून ठेवतात. तिथल्या एका जोडाला हजारो पौंड मोजावे लागतात. काम तेच आहे. ओलं कातडं कलबुतावर ताणायचं, सुकू द्यायचं, आरीनं भोक पाडून मेण चोळलेला दोरा ओढायचा. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया, आणि दोन्ही एकाच भोकातून समोरासमोर जातात. एक टाका तुटला तरी शेजारचा उसवत नाही. हा मूळचा खोगिराचा टाका. पॅरिसच्या हर्मेस या नामांकित कंपनीची सुरुवातही १८३७ साली घोड्यांच्या सामानापासून झाली आणि त्यांच्या पिशव्या आजही याच टाक्यानं शिवल्या जातात. त्याला तिथं मान आहे. आमच्याकडे पायातली वस्तू म्हणून ती करणाऱ्यालाच हलकं लेखलं. हे मला आजही सलतं.

एका सरकारी प्रदर्शनात वडिलांचे जोडे मांडले होते. पाटीवर 'चर्मवस्तू' एवढंच. वडील दिवसभर शेजारीच उभे होते.

जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्रादा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा श्रेय दिलं नाही म्हणून आपण सगळे चिडलो. योग्यच होतं. पण घरच्या कारागिराचं नाव आपण तरी कुठे लिहितो? कोल्हापुरीच्या २०१९ च्या भौगोलिक मानांकनात राज्यातले चार जिल्हे आहेत, आमच्या खान्देशातला एकही नाही. त्याबद्दल तक्रार नाही, ती कला त्यांची. आमच्या कारागिराकडे मात्र स्वतःच्या नावाशिवाय दुसरी ओळखच नाही.

म्हणून विनंती, संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आपल्याच खात्याकडे आहे. त्याच्यामार्फत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक हातशिलाईच्या जोडावर करणाऱ्याचं नाव आणि गाव उमटवा. दुसरं म्हणजे शिकणाऱ्याची सोय. पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत आमचा आहे, अवजारांसाठी १५ हजारांची मदतही आहे. पण तिचं प्राथमिक प्रशिक्षण आठवडाभराचं. तेवढ्यात रापी, म्हणजे कातडं कापायचं हत्यार, धरता येते, कलबुतावरचं काम येत नाही. त्यासाठी जुन्या कारागिराच्या मांडीला मांडी लावून दोन-तीन वर्षं बसावं लागतं. तेवढा काळ त्या दोघांच्या घरची चूल पेटती राहील एवढं मानधन द्या. उशीर करू नका, हे हात थकत चाललेत.

दत्तजयंतीला सारंगखेड्याला या. पेटीतले कागद घेऊन मी येईन. आपल्या पायाचं माप चुलतभाऊ घेईल, आणि जोड्याच्या आतल्या बाजूला त्याचं नाव असेल.

आपला,
एका चर्मकाराचा मुलगा