स्पितीला जायचं तर किन्नौरकडून जा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की तुमच्या पेपरात हिमाचलमधल्या स्पिती व्हॅलीच्या टूरच्या जाहिराती सुरू होतात, मनालीहून सकाळी निघा अन् रात्री काझ्यात, म्हणजे स्पितीच्या मुख्य गावात, मुक्काम. आमच्या वरोरा तालुक्यातले पोट्टेही आता कापसाचे पैसे हातात आले की तिकडं जायला लागले, जावंच, पण त्या जाहिरातीत उंचीबद्दल एक शब्द नसतो म्हणून हे पत्र लिहितो आहे.

आपण राहतो दोन-अडीचशे मीटरवर. मनाली दोन हजाराच्या थोडं वर, अन् मधली कुंझुम खिंड साडेचार हजाराच्या वर, एका दिवसात एवढं चढवलं तर डोकं ठणकणारच, मळमळ होणार, रात्री झोप नाही. आमच्या गावच्या ग्रुपमधला एक धडधाकट माणूस असाच आडवा पडला तर टूरवाला म्हणे ॲसिडिटी आहे, गोळी घ्या, अन् दुसऱ्या दिवशी त्याला कोमिकला म्हणजे आणखीच उंचावर नेलं, शेवटी ऑक्सिजन लावायची पाळी आली. तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा दर रात्री 500 मीटरपेक्षा जास्त चढवू नये, त्रास व्हायला लागला तर तिथंच थांबावं, वाढला तर लगेच खाली उतरावं, एवढं साधं आहे हे. पिन-पार्वतीची खिंड तर 5,319 मीटर, तो ट्रेक नवख्यांना सोपा म्हणून विकणं मला तरी गुन्हाच वाटतो.

किन्नौरचा रस्ता लांबचा आहे, शिमला, रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो, मग काझा, पण शरीराला सवय होत जाते. अन् पोरांच्या सुट्ट्या असतात मे महिन्यात, तेव्हा कुंझुम बहुतेक बर्फात बंदच असते.

या रस्त्यानं ताबो आधी लागतं. जाहिरातवाले त्याला एक तास देतात! इ. स. 996 मधली गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, सगळी मातीची, बाहेरून पाहाल तर आपल्याकडचं धाब्याचं घर वाटेल. आत अंधार, टॉर्च धरली की भिंतीवरची चित्रं हळूहळू दिसायला लागतात, भिंतीला लागून जवळजवळ माणसाएवढ्या मातीच्या मूर्ती, फोटो काढायला मनाई आहे अन् ते बरंच आहे. 1975 च्या भूकंपाचा मार बसूनही हे उभं आहे. दरवर्षी दीक्षाभूमीला जाणारी आमच्याकडची कितीतरी म्हातारी माणसं फक्त या गोंपा पाहायला एवढा खर्च करतात, त्यांना तिथं एक रात्र निवांत राहू द्या ना, धापा टाकत कशाला पळवता.

म्हणून विनंती आहे की अशी जाहिरात छापताना प्रत्येक मुक्कामाची उंची मीटरमध्ये लिहायला लावा, अन् जो लिहिणार नाही त्याची जाहिरात घेऊ नका.

आपला एक वाचक,
ता. वरोरा, जि. चंद्रपूर